पुन्हा पुन्हा पांढरं जातंय: आधी औषध की आधी तपासणी?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीने पस्तिशी ओलांडली आहे. लग्नाला दहा वर्षं झालीत, एक मूल आहे. नवरा कामासाठी बाहेरगावी असतो आणि महिन्यातले काही दिवस घरी येतो. गेल्या वर्षभरात त्यांना अंगावरून पांढरं जाण्याचा त्रास वरचेवर होतो आहे. स्राव पातळ असतो, त्याला मासळीसारखा वास येतो, खाज मात्र क्वचितच सुटते. दर वेळी त्या औषधाच्या दुकानातून बुरशीवरची कॅप्सूल किंवा योनीत ठेवायची गोळी आणतात. थोडे दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न. वास जावा म्हणून त्या रोज आतून साबणाने धुतात. नवरा येऊन गेला की त्रास हमखास वाढतो, हे त्यांच्या लक्षात आलं आहे आणि तेच त्यांना खातंय. तपासणीत ‘तसला’ आजार निघाला तर काय, ही धास्ती आहे, शिवाय आतून तपासून घ्यायचा संकोच वाटतो. एका नातेवाईक बाईंच्या कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या, रिपोर्टमध्ये ‘गार्डनेरेला’ नावाचा जिवाणू निघाला आणि त्यांना एकामागून एक अँटिबायोटिक घ्यावी लागली, तेही त्यांनी पाहिलं आहे. त्या विचारतात: तपासणी खरंच लागते का, की लक्षणं सांगून नेमकं औषध मिळेल? आणि नवऱ्याला सांगू की नको?

प्रिय मैत्रीण,

वर्षभर तुम्ही जे औषध घेताय ते बुरशीवरचं आहे, आणि तुम्ही वर्णन केलेला त्रास बुरशीचा वाटत नाही. म्हणून नवऱ्याचा विषय थोडा बाजूला ठेवून आधी या गोष्टीकडे पाहू.

पांढरं जायला लागलं की बहुतेकींच्या मनात पहिलं नाव येतं ते यीस्ट इन्फेक्शनचं, म्हणजे कँडिडा या बुरशीच्या संसर्गाचं. त्यात नवल नाही. हा संसर्ग सर्रास होतो. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो असं मानलं जातं. त्याचं औषधही सहज हाताशी येतं. पण योनीमार्गातून होणाऱ्या अशा स्रावामागे नेहमी आढळणारी कारणं तीन आहेत आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. बुरशीत मुख्य तक्रार खाजेची असते. बाहेरची त्वचा लाल होते, सुजते, लघवी त्वचेला लागली की चरचरतं, स्राव असलाच तर घट्ट, गुठळ्या-गुठळ्यांचा, आणि वास जवळपास नसतो. दुसरं कारण बॅक्टेरियल व्हजायनोसिस. योनीत एरवी लॅक्टोबॅसिलस जातीच्या उपयुक्त जिवाणूंचं राज्य असतं. ते कमी होतात आणि ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या इतर जिवाणूंची संख्या फुगते. स्राव पातळ, राखाडीसर पांढरा, वास मासळीसारखा, खाज आणि लाली फारशी नाही. प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांमध्ये बिघडलेल्या स्रावाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण हेच आहे, बुरशी नव्हे. तिसरा ट्रायकोमोनास, हा एकपेशीय परजीवी. त्यात हिरवट-पिवळा, कधी फेसाळ स्राव, जळजळ असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण कितीतरी जणींना त्याचा पत्ताही लागत नाही.

तुमचं पत्र दुसऱ्या वर्णनाशी जुळतं. मग बुरशीच्या गोळीने बरं का वाटायचं? कारण व्हजायनोसिसचा त्रास पाळीच्या चक्राबरोबर आपोआप कमी-जास्त होत असतो. गोळी घेतली त्याच दिवसांत तो ओसरला, तर श्रेय गोळीला जातं. बुरशीवरच्या त्या कॅप्सूलचा या जिवाणूंवर काही परिणाम होत नाही.

तुम्ही एकट्याच अशा फसलेल्या नाही. अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्वतःच निदान करून बुरशीवरचं औषध विकत घेणाऱ्या स्त्रियांची त्यात रीतसर तपासणी केली गेली. निव्वळ बुरशीचा संसर्ग निघाला तो जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांना. आधी कधीतरी डॉक्टरांनी ‘बुरशी आहे’ असं सांगितलेल्या स्त्रियांचे अंदाजही इतरांपेक्षा अधिक बरोबर नव्हते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण ‘मागच्या वेळचंच आहे, मला माहीत आहे’ या भरवशावरच आपण पुन्हा तीच गोळी आणतो.

आता तुमचा पहिला प्रश्न: लक्षणं सांगून भागणार नाही का? पहिल्यांदाच त्रास झाला असता आणि तपासणीची सोय जवळपास नसती, तर मी म्हटलं असतं, लक्षणांवरून उपचार घेऊन बघा. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे जगभर डॉक्टर असंच करतात आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यासाठी पद्धत आखून दिली आहे. पण वर्षभर पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या त्रासाला ही वाट मी सुचवणार नाही. नुसतं ऐकून केलेला अंदाज डॉक्टरांचाही चुकतो. वर मी जे ‘जुळतं’ म्हटलं, तोही अंदाजच आहे. एकाच वेळी दोन संसर्ग असू शकतात. तिन्हींवर एकदम मारा करणारी औषधं मिळतात, पण ती घेतल्यावर बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला आपण होतो तिथेच असतो.

तपासणी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक नाही. पण मोठं यंत्र आणि भलामोठा रिपोर्ट येत असेल, तर प्रत्यक्षात प्रकार फार साधा आहे. डॉक्टर स्पेक्युलम नावाचं छोटं उपकरण योनीत हळूच उघडतात आणि कापसाची काडी, म्हणजे स्वॅब, योनीच्या बाजूच्या भिंतीवरून फिरवतात. गर्भाशयाच्या मुखाजवळून नमुना घेत नाहीत, कारण तिथला चिकट स्राव मुळातच आम्लधर्मी नसतो आणि पुढची चाचणी फसते. ती चाचणी म्हणजे कागदाची एक पट्टी. निरोगी योनीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), साधारण ३.८ ते ४.५ असतो, कारण लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करत असतात. पट्टीचा रंग ४.५ च्या वर गेला की बुरशी एकटीच असण्याची शक्यता कमी होते. व्हजायनोसिस किंवा ट्रायकोमोनासकडे संशय वळतो.

मग काचेच्या स्लाइडवर दोन थेंब. एका थेंबात सलाइन, दुसऱ्यात १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुसऱ्या थेंबाशी स्राव मिसळताच मासळीसारखा वास भपकन आला, तर तीही एक खूण. नंतर मायक्रोस्कोप. योनीच्या अस्तराची निरोगी पेशी पातळ, पसरट दिसते आणि तिची कड स्वच्छ, रेघ मारल्यासारखी असते. व्हजायनोसिसमध्ये पेशीवर जिवाणूंचा असा थर बसतो की कड दिसेनाशी होते, सगळी पेशी रवाळ, ठिपकेदार होते. तिला क्लू सेल म्हणतात. दर पाच पेशींमागे निदान एक तरी अशी दिसायला हवी. ट्रायकोमोनास असला तर तो शेपटीसारख्या तंतूंनी धडपडत, झटके देत फिरताना दिसतो. बुरशीचे तंतू आणि कळ्या दुसऱ्या थेंबात उठून दिसतात, कारण तिथे बाकीच्या पेशी विरघळलेल्या असतात.

१९८३ मध्ये अ‍ॅम्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हजायनोसिससाठी ज्या चार कसोट्या मांडल्या त्या याच: स्रावाचं रूप, पीएच, तो वास आणि क्लू सेल. चारपैकी तीन जुळल्या की निदान पक्कं. आजही त्याच वापरतात. जिथे डॉक्टरांच्या हाताशी मायक्रोस्कोप नसतो तिथे स्लाइड प्रयोगशाळेत पाठवून ग्रॅम स्टेन करतात, म्हणजे जिवाणू ओळखू यावेत म्हणून ती रंगवतात, आणि १९९१ पासून चालत आलेल्या न्यूजंट पद्धतीने गुण देतात. ० ते ३ म्हणजे ठीक, ७ ते १० म्हणजे व्हजायनोसिस, ४ ते ६ मधलं. रिपोर्टवर ‘न्यूजंट स्कोअर’ असं दिसलं तर घाबरू नका. जास्त गुण म्हणजे आजार गंभीर, असा त्याचा अर्थ नाही.

आता त्या स्लाइडवरच्या दुसऱ्या थेंबाकडे पुन्हा येते, कारण तुम्हाला जे खातंय त्याचं उत्तर तिथे आहे. व्हजायनोसिसमधले जिवाणू अमाइन नावाची रसायनं तयार करतात. वातावरण आम्लधर्मी असेतो ती स्रावात विरघळून बसतात. अल्कधर्मी द्रव मिसळला की ती वायूरूपात सुटतात आणि वास येतो. डॉक्टर स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून मुद्दाम हेच घडवतात. आणि वीर्य अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ७.२ ते ८. म्हणजे संबंधांनंतर वास वाढणं हे व्हजायनोसिसचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. पाळीचं रक्तही तसंच वागतं. पाळीच्या शेवटी वास जास्त जाणवतो का, ते आठवून पाहा. नवरा आला की त्रास वाढतो, हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. पण ‘तो बाहेरून काहीतरी घेऊन येतो’ हा अर्थ त्यातून निघत नाही. असा वास पूर्ण एकनिष्ठ जोडप्यांतही येतो.

तुम्हाला खोटा दिलासा मात्र देणार नाही. लैंगिक संबंधांचा आणि व्हजायनोसिसचा काहीच संबंध नाही, असं नाही. नवा जोडीदार आला की त्याचं प्रमाण वाढतं, कंडोम नियमित वापरला की कमी होतं. पुरुषाच्या लिंगाच्या त्वचेवर हे जिवाणू राहू शकतात आणि दोघांत त्यांची देवाणघेवाण होत राहते. २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली जोडपी फक्त एकमेकांशीच संबंध ठेवणारी होती. एका गटात केवळ बायकोला औषध दिलं. दुसऱ्यात नवऱ्यालाही ७ दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिनचं मलम दिलं. १२ आठवड्यांत आजार उलटला तो पहिल्या गटातल्या ६३ टक्के स्त्रियांना आणि दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के स्त्रियांना. वर्षानुवर्षं ‘नवऱ्याला औषध द्यायची गरज नाही’ असंच शिकवलं गेलं होतं, त्यामुळे काही डॉक्टर अजून तसं सांगतील. तुमचं निदान व्हजायनोसिसचं आलं, तर या नव्या अभ्यासाबद्दल आवर्जून विचारा. जोडीदारावर उपचार करायचे म्हणजे त्याच्यावर आरोप ठेवायचा, असं मुळीच नाही.

ट्रायकोमोनासचं वेगळं. तो लैंगिक संबंधांतूनच पसरतो आणि त्याचं निदान झालं तर दोघांनीही औषध घ्यायलाच हवं. पण इथेही एक गोष्ट लक्षात ठेवा: हा परजीवी काही लक्षण न दाखवता महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं शरीरात राहू शकतो, पुरुषांत तर विशेषच. तो कधी आला, कुणाकडून कुणाला गेला, हे जगातली कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. रिपोर्ट हातात घेऊन संसाराचा निवाडा करायला बसू नका. तो त्या कागदाचा विषयच नाही. नवऱ्याबद्दल मनात खरोखरच शंका असेल, ती या त्रासाच्या आधीपासूनची असेल, तर तो प्रश्न त्यांनाच विचारावा लागेल. आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि एचआयव्ही या तपासण्या मागून घ्या. त्या मागताना कारण सांगायची गरज नसते.

तुमच्या नातेवाईक बाईंच्या रिपोर्टबद्दल. गार्डनेरेला हा व्हजायनोसिसमध्ये वाढणारा जिवाणू कितीतरी निरोगी स्त्रियांच्या योनीतही असतो. म्हणून व्हजायनोसिस ओळखायला जिवाणूंचं कल्चर करणं उपयोगाचं नाही. ते जवळपास प्रत्येकीत काही ना काही दाखवणारच. मग रिपोर्टमधल्या नावांवर अँटिबायोटिकचा मारा होतो, उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही मरतात, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. काही त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये नाव आलं म्हणून औषध घ्यायचं नाही, हे सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावं. बुरशीचंही तसंच: साधारण १० ते २० टक्के स्त्रियांमध्ये ती मुक्कामाला असते आणि काही करत नाही. बुरशी वारंवार उलटत असेल तर मात्र कल्चर जरूर करावं, कारण कँडिडा ग्लॅब्राटासारख्या जाती नेहमीच्या कॅप्सूलला दाद देत नाहीत.

पॅप स्मिअर झाली आहे, म्हणजे संसर्गाचीही तपासणी झाली, हाही एक पक्का समज आहे. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वखुणा शोधते. संसर्ग शोधणं हे तिचं काम नाही. घरी वापरायच्या पीएच पट्ट्या मिळतात, त्याही फक्त आम्लता सांगतात, कारण सांगत नाहीत.

साध्या स्लाइडलाही मर्यादा आहेत. ट्रायकोमोनास तिच्यावर साधारण निम्म्या वेळा निसटतो, कारण त्याची हालचाल थांबली की तो पांढऱ्या पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही; म्हणून स्लाइड ताजी असतानाच पाहावी लागते. बुरशीही बऱ्याचदा दिसत नाही. तेव्हा स्लाइड ‘निगेटिव्ह’ आली आणि त्रास कायम असेल, तर ट्रायकोमोनाससाठी नाट, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआरसारखी चाचणी, सुचवा. ती फार अचूक आहे. आणि तुमच्या संकोचावर तोडगाही तिच्यातच आहे: या चाचणीसाठी स्वॅब स्वतःच घेता येतो. न्हाणीघरात किंवा पडद्याआड उभं राहून काडी थोडी आत घालायची, काही सेकंद फिरवायची, नळीत ठेवायची. असा स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा असतो.

तरी, जमलं तर पहिल्या खेपेला डॉक्टरांकडून तपासून घ्या असंच मी सांगेन. वर्षभर चाललेल्या त्रासात गर्भाशयमुख आणि बाहेरची त्वचा डोळ्यांनी पाहिली जाणं गरजेचं आहे. साबणाने होणारी त्वचेची जळजळ किंवा त्वचेचे इतर विकार स्वॅबमध्ये दिसत नाहीत. स्त्री डॉक्टर हव्यात, सोबत कुणीतरी हवं, छोटं स्पेक्युलम वापरा, दुखलं तर थांबा: हे सगळं आधीच बोलून ठेवायचा तुम्हाला हक्क आहे. तपासताना श्वास रोखून धरू नका, आणि ‘थांबा’ म्हणाल तेव्हा थांबायलाच हवं. संबंधच न आलेल्या मुलींसाठी तर बाहेरून घेतलेला स्वॅब आणि नुसती चौकशी यांवरही बरंच काही कळतं. आतून तपासलंच पाहिजे असा आग्रह कुणी धरू नये.

भेटीची वेळ घेताना पाळीचे दिवस टाळा. रक्ताने पीएच बदलतो आणि स्लाइडही गढूळ होते. आदल्या दिवसापासून संबंध, योनीतली गोळी, मलम आणि आतून धुणं बंद. गोळी-मलम काही दिवस आधीपासून बंद असेल तर आणखी चांगलं. जाण्याआधी वास जावा म्हणून स्वच्छ धुऊन जाण्याचा मोह बहुतेकींना होतो, आणि नेमका त्यानेच पुरावा वाहून जातो. डॉक्टरांना तो वास नवा नाही. आतापर्यंत घेतलेल्या औषधांची नावं, रिकामी पाकिटं, तीही घेऊन जा.

आतून धुण्याचं तर कायमचंच सोडा, तपासणीपुरतं नव्हे. योनी स्वतःची सफाई स्वतः करते. साबणाने आणि वॉशने लॅक्टोबॅसिलस उपटले जातात, आम्लता घटते, आणि ज्या वासासाठी धुतो तोच वाढतो. आतून धुणाऱ्या स्त्रियांमध्ये व्हजायनोसिस जास्त आढळतो. बाहेरून साधं पाणी पुरतं. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त वाईट याच ओळीचं वाटलं, कारण ते रोजचं धुणं तुम्ही स्वतःला स्वच्छ करण्यासाठी करत होता, आणि तुम्ही अस्वच्छ कधीच नव्हता.

व्हजायनोसिस निघाला तर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या ७ दिवस, किंवा त्याचं जेल ५ दिवस, किंवा क्लिंडामायसिनचं मलम ७ दिवस, असे नेहमीचे पर्याय आहेत. तुमच्यासाठी कोणता ते डॉक्टर ठरवतील. वास दोन दिवसांत गेला म्हणून मध्येच सोडू नका. क्लिंडामायसिनचं मलम तेलकट असतं, त्याने कंडोम कमकुवत होतो. बरं वाटलं तर पुन्हा तपासणी करायची गरज नाही. पण एक गोष्ट मन घट्ट करून ऐका: योग्य औषध घेऊनही निम्म्याहून अधिक स्त्रियांना वर्षभरात हा आजार पुन्हा गाठतो. तो तुमचा दोष नाही आणि औषध चुकलं असंही नाही. उलटला तर पुन्हा तपासून घ्यायचं, आणि जोडीदाराचे उपचार किंवा काही महिने आठवड्यातून दोनदा जेल लावणं असे लांब पल्ल्याचे उपाय विचारायचे. ट्रायकोमोनास निघाला तर दोघांचं औषध पूर्ण होऊन लक्षणं जाईपर्यंत संबंध नकोत, आणि तुमची तपासणी ३ महिन्यांनी पुन्हा. फार लवकर केली तर मेलेल्या परजीवीच्या अंशामुळेही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते.

अशाच त्रासाने हे वाचणाऱ्या इतर मैत्रिणींसाठी थोडं. गरोदर असाल तर बुरशीची तोंडाने घ्यायची कॅप्सूल स्वतःहून घेऊ नका, आणि वासाचा स्राव अंगावर काढू नका. व्हजायनोसिसचा वेळेआधी प्रसूती होण्याशी संबंध आढळला आहे. बुरशी वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा झाली तर रक्तातली साखर तपासा. पाळी गेल्यानंतरच्या वयात इस्ट्रोजेन कमी झाल्यानेही पीएच वाढतो आणि कोरडेपणाने आग होते; तिथे पट्टीचा रंग पाहून संसर्ग ठरवू नये. आणि ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधांनंतर रक्त जाणं किंवा फोड येणं यांतलं काहीही असेल तर पाळी, धुणं यांचे नियम विसरा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

राहता राहिला नवऱ्याला सांगण्याचा प्रश्न. सांगा, आणि रिपोर्टच्या आधी सांगा. रिपोर्ट आल्यावर सांगितलं तर पहिलं वाक्यच आजाराच्या नावाचं असेल आणि दोघंही बचावाच्या पवित्र्यात जाल. आधी सांगितलं तर गोष्ट तुमच्या तब्येतीची राहते: वर्षभर मला हा त्रास होतोय, मी तपासून घेतेय, कदाचित दोघांनाही औषध घ्यावं लागेल. एवढं पुरे. ते दूर असतात, म्हणून फोनवर सांगितलं तरी चालेल. पुढच्या खेपेला घरी येतील तेव्हा कंडोम वापरायचं आत्ताच ठरवून टाका. मात्र हे बोलल्यामुळे घरात तुम्हाला धोका होईल अशी थोडीही भीती असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि नवऱ्याला कसं कळवायचं ते त्यांच्या मदतीने ठरवा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द सुचले नाहीत, तर मला लिहिलेलं पत्रच त्यांच्यापुढे ठेवा. स्राव कसा, वास कधी, औषधं कोणती आणि त्यानंतर काय झालं, हे सगळं तुम्ही त्यात इतकं नीट लिहिलं आहे की त्यांना विचारायला फारसं काही उरणार नाही.